परक्या गल्लीतले आठ दिवस

व्यापारी कुटुंबाची सुट्टी ही ओढूनताणूनच काढावी लागते. लग्नसराई संपली की मार्चअखेर येते, ती संपते तोवर शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आलेले असतात. दुकानाची किल्ली भावाकडे किंवा जुन्या मुनीमजींकडे सोपवून मिळतात ते जेमतेम आठ दिवस. हे आठ दिवस कोठे घालवावेत, यापेक्षा ते कोणत्या छपराखाली घालवावेत हा प्रश्न आपल्या घरांत अधिक चर्चिला जातो, आणि त्याचे कारण उघड आहे. हॉटेलात कांदा-लसणाविना, कंदमुळाविना ताट मिळेल का? सूर्यास्तापूर्वी जेवण तयार असेल का? आजींना उकाळलेले पाणी कोण देईल?

या प्रश्नांवर गेल्या काही वर्षांत एक उत्तर पुढे आले आहे. पर्यटकांच्या गर्दीपासून दूर, लोकांच्या नेहमीच्या वसतीत स्वयंपाकघर असलेली सदनिका आठवडाभरासाठी भाड्याने घ्यावी. गोव्यास गेले तरी कळंगुटच्या किनाऱ्यावर न उतरता पर्वरीत किंवा मडगावात राहावे. पुण्यास गेले तर कोथरूडच्या एखाद्या गल्लीत. तरुण मंडळी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे पाहून दहा मिनिटांत घर ठरवितात आणि हा शोध आपल्याच पिढीने लावला असे समजतात.

तसे ते नाही. आपल्याच जिल्ह्यातील देवळाली आठवून पाहा. मुंबईच्या पेढ्यांवरील दमट हवेला कंटाळलेली गुजराती, कच्छी, जैन, पारशी, बोहरी कुटुंबे कोरड्या हवेसाठी देवळालीस येत. त्यांच्यासाठी त्या त्या समाजाने तेथे सॅनेटोरियम बांधली. नाव इंग्रजी व रुग्णालयासारखे असले तरी बहुतेकांच्या दृष्टीने ती हवापालटाची घरेच होती. एक-दोन खोल्या, लहानसे स्वयंपाकघर आणि पुढे व्हरांडा अशा ‘ब्लॉक’मध्ये कुटुंब दोन-चार आठवडे राहत असे. भांडी, गाद्या, धान्य बरोबर यायचे. सुखवस्तू घरांचा महाराजही बरोबर यायचा. त्र्यंबकेश्वर किंवा पंचवटी हे यात्रेकरूंचे ठिकाण, तर देवळाली हे लष्करी छावणीच्या आसऱ्याने वाढलेले शांत वसतीचे गाव. (इंग्रज शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत याच छावणीत कंटाळून जात, आणि त्यावरूनच वेड लागण्यासाठी ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. आपले लोक मात्र त्याच देवळालीत डोके शांत करण्यासाठी जात!)

सॅनेटोरियमची खरी खुबी भाडे स्वस्त असण्यात नव्हती. तेथे उतरणारा मनुष्य अगदीच अनोळखी नसे. समाजातील कोणाची तरी ओळख किंवा चिठ्ठी त्याच्याजवळ असे. व्यवस्थापक आवारातच राहत असे. मुक्काम आठवड्यांचा असल्याने शेजारच्या ब्लॉकमधील माणसांची नावे ठाऊक होत. म्हणजे घर भाड्याचे असले तरी शेजार भाड्याचा नव्हता. आजच्या सदनिकेत नेमके हेच उलटे झाले आहे, आणि मला त्याविषयीच लिहावयाचे आहे.

बँकेत असताना आम्हांला रजा प्रवास सवलत मिळे आणि बँकेची हॉलिडे होम्सही असत. पुष्कळदा ती साध्या इमारतीतील सदनिकाच असत. नाममात्र दर, एक काळजीवाहू, आणि रजिस्टरमध्ये शाखेचे नाव व कर्मचारी क्रमांक. त्या क्रमांकामुळे वागणे आपोआप नीट राहत असे, कारण तक्रार थेट शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर येण्याचा धाक होता.

आता हिशेब मांडू. ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. समजा, सहा माणसांचे कुटुंब सात रात्रींसाठी निघाले आहे. हॉटेलच्या दोन खोल्या, प्रत्येकी ३,००० रुपये रोज, म्हणजे ४२,०००. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, त्याचे २,१००. जेवणखाण माणशी ७०० रुपये रोज धरले तर २९,४००. एकूण ७३,५००. दुसऱ्या बाजूस, वसतीतील सदनिका ५,००० रुपये रोज, म्हणजे ३५,०००. स्वच्छतेचे पैसे, संकेतस्थळाचे शुल्क व कर मिळून ५,०००. घर दूर असल्याने रिक्षा-टॅक्सीचे रोज ७०० प्रमाणे ४,९००. किराणा, भाजी, दूध ८,०००. एकूण ५२,९००. वाचले २०,६००.

येथे बहुतेक मंडळी वही मिटतात. मी मात्र एक रेघ आणखी ओढतो. केवळ राहणे आणि जाणे-येणे पाहिले तर हॉटेलचे ४४,१०० होतात आणि सदनिकेचे ४४,९००. म्हणजे सदनिका ८०० रुपयांनी महागच पडते. सारी बचत स्वयंपाकघरातून आलेली आहे. सात दिवस, सहा माणसे, दोन वेळा, अशी चौऱ्याऐंशी ताटे कोणी तरी वाढली. न्याहारी आणि चहा वेगळाच. बाहेरच्या जेवणाच्या तुलनेत ताटामागे सुमारे २५५ रुपये घरातील गृहिणीने मिळवून दिले, आणि तेही तिच्या सुट्टीच्या दिवसांत. हिशेबात तिचे नाव कोठेही नाही. देवळालीस महाराज का नेत असत ते येथे कळते. ज्यांना महाराज नेणे शक्य नाही त्यांनी सकाळचा चहा-नाश्ता घरातील पुरुषांकडे द्यावा, खाकरे, ठेपले, सुका नाश्ता बरोबर न्यावा आणि एक वेळचे जेवण बाहेर, जेथे आपल्या नियमांत बसणारे मिळते तेथे घ्यावे. बचत निम्म्यावर येईल, येऊ द्यावी.

हिशेबात न येणारा दुसरा पक्ष म्हणजे शेजारी. बँकेच्या ताळेबंदाखाली आकस्मिक देण्यांची एक टीप असते. रक्कम बेरजेत धरलेली नसते, पण जाणकार ती टीप आधी वाचतो. भाड्याच्या सदनिकेचे शेजारी त्या टिपेसारखे असतात.

नाशिकमधील एका सोसायटीत माझे एक परिचित पती-पत्नी राहतात. दोघेही सत्तरीपुढचे. त्यांच्या वरची सदनिका मालकाने दिवसाच्या भाड्याने द्यावयास सुरुवात केली. शुक्रवारी रात्री अकरा वाजता एक गाडी येते, रविवारी जाते. पुढच्या शुक्रवारी दुसरी. कोणी वाईट नसते. पण बॅगांची चाके जिन्यावरून खडखडत जातात, मुले मध्यरात्री उद्वाहनात खेळतात, आणि चुकीच्या दाराची घंटा वाजते. काकूंनी मला सांगितले, “भांडायचे तरी कोणाशी? दर खेपेस नवेच माणूस.” मे महिन्यात टँकर मागवावा लागला तेव्हा सहा पाहुण्यांनी दिवसातून दोनदा केलेल्या अंघोळीचे पाणीही सर्वांच्या वर्गणीतून आले. कायद्याने सोसायटीला काय मिळते तेही पाहावे. सदनिकेत मालक स्वतः राहत नसेल तर बिनभोगवटा शुल्क घेता येते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. सेवाशुल्क महिना १,५०० असेल तर १५० रुपये! मालकाची आठवड्याची कमाई ३५,००० आणि शेजाऱ्यांच्या वाट्याला महिन्याला १५० रुपये व तुटलेली झोप.

हे नाशिकपुरतेच नाही. दिवसाच्या भाड्याचा हा व्यवसाय जगभर नेणारी एअरबीएनबी सुरू झाली ती २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत. एका परिषदेमुळे हॉटेले भरली होती म्हणून दोन तरुणांनी स्वतःच्या राहत्या घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे घेतले. यजमान घरातच होता, हे लक्षात घ्यावे. पुढे यजमान बाहेर पडला आणि घर तेवढे उरले. न्यूयॉर्क शहराने सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी नोंदणी सक्तीची केली, यजमानाने त्याच घरात हजर राहावे असे ठरविले आणि पाहुण्यांची संख्या दोनवर आणली. बार्सिलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले की शहरातील १०,१०१ पर्यटक सदनिकांचे परवाने नूतनीकरण न करता नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपुष्टात आणले जातील. तेथील रहिवाशांना स्वतःच्या शहरात भाड्याचे घर परवडेनासे झाले होते. इतकी टोकाची वेळ आपल्याकडे आलेली नाही, आणि असे सरसकट उपाय मला व्यक्तिशः पसंतही नाहीत. पण न्यूयॉर्कच्या नियमातील यजमान हजर असण्याची अट मला पटते.

म्हणून घर ठरविताना छायाचित्रांतील सोफ्यापेक्षा मालक कोठे राहतो हे आधी विचारावे. त्याच इमारतीत, निदान त्याच गल्लीत राहत असेल तर घर निम्मे पसंत करावे. सोसायटीला लेखी कळविले आहे का, असे स्पष्ट विचारावे. उत्तर देताना जो चाचरतो, “कोणी विचारले तर नातेवाईक आहोत असे सांगा” असे म्हणतो, त्याचे घर कितीही सुंदर असले तरी सोडून द्यावे. मुलांना सुट्टीच्या पहिल्याच दिवशी पहारेकऱ्याशी खोटे बोलावयास लावणारा मुक्काम कशास हवा? गोव्यात १९८२ च्या कायद्याखाली अशा घरांची पर्यटन खात्याकडे नोंदणी व्हावी लागते, तेथे नोंदणी क्रमांक मागावा. आपल्या ओळखपत्रांच्या प्रती देण्यास कुरकुर करू नये. बरोबर अमेरिकेतील किंवा आफ्रिकेतील भाचा असेल आणि त्याचे पारपत्र परदेशी असेल, तर त्याची माहिती चोवीस तासांत कळविण्याची जबाबदारी घर देणाऱ्यावर असते, त्याला ते ठाऊक आहे का, हे बुकिंगपूर्वीच पाहावे.

स्वयंपाकघराबाबत शाकाहारी एवढा शब्द पुरत नाही. भांड्यांत पूर्वी काय शिजले असेल हे सांगता येत नाही. तवा, कुकर, दोन पातेली, गाळणे व पाण्याचा हंडा आपला न्यावा. सिलिंडर भरलेला आहे का, पाणी किती वाजता येते, वृद्धांसाठी उद्वाहन चालू असते का, हे दूरध्वनीवरच विचारून घ्यावे. आगाऊ रकमेबाबत एका निवृत्त बँकवाल्याचे ऐकावे. कधीही पूर्ण पैसे अनोळखी व्यक्तीच्या खात्यात आधी भरू नयेत. आणि अनामत परत करतो म्हणून कोणी क्यूआर कोड पाठविला तर तो स्कॅन करू नये, कारण पैसे मिळविण्यासाठी कोड स्कॅन करावा लागतच नाही.

पोहोचल्यावर शेजारच्या दारावर एकदा जाऊन नमस्कार करावा, आपण किती जण, किती दिवस ते सांगावे. येवल्याहून निघताना चार पाकिटे जास्तीची भरावीत. वरच्या मजल्यावरचे ते ‘कोणी तरी’ मग सहा माणसांचे कुटुंब होते, आणि भाजी कोठे ताजी मिळते हेही फुकट कळते.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण आपण केवळ पाहुणे नाही, मालकही आहोत. येवल्यातील अनेक कुटुंबांची नाशकात एक तरी सदनिका आहे, आणि गावात बंद पडलेला वाडा आहे. आपले गाव पर्यटनाच्या नकाशावर असूनही मुक्कामाचे नाही. बाया-बापे पैठणी घेतात, घरातला माग पाहतात आणि तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या शिर्डीस निघून जातात. पण नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ येऊ घातला आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान जाहीर झाले आहे. नाशकातील सदनिका त्या काळात दिवसाच्या भाड्याने देऊन वर्षाचे भाडे पंधरवड्यात काढण्याचे बेत मी कट्ट्यावर ऐकतो आहे.

माझा सल्ला विचाराल तर नाशकातली बंद सदनिका त्या भावाने देऊ नका. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा घरभाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा असे सांगतो. चार दिवसांच्या पाहुण्याशी तो करार कोणी करीत नाही, आणि काही विपरीत घडले तर हातात कागद नसतो. वर ज्या सोसायटीत उद्या आपला नातू शिकावयास राहणार, तिच्याशी वैर. त्यापेक्षा अकरा महिन्यांचा भाडेकरू बरा.

गावातल्या वाड्याचे मात्र मला वेगळे वाटते. अर्ध्या भागात आपण राहतो, मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, विहिरीवर पंप आहे, आणि घरचा स्वयंपाक आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या घरगुती निवासाच्या योजनेत एक ते सहा खोल्यांपर्यंत नोंदणी होते, अट हीच की मालक कुटुंबासह तेथे राहिला पाहिजे. राज्याचीही निवास व न्याहारी योजना आहे. कोकणात अशा घरांनी अनेक कुटुंबांना हातभार लावला आहे. पाहुणा अंगणात बसून मागाचा आवाज ऐकेल, आपल्या घरचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण जेवेल आणि सकाळी शिर्डीस जाईल.

पाण्याचा विचार तेवढा आधी करावा. पालखेडचे आवर्तन लांबले की गावात बादल्या मोजाव्या लागतात, हे आपल्याला नव्याने सांगावयास नको. ज्याच्या वाड्यात स्वतःची टाकी व विहीर आहे त्यानेच हे धाडस करावे, आणि अर्ज करण्यापूर्वी डावी-उजवीकडच्या दोन्ही घरांत जाऊन बसून यावे. अर्जाच्या नमुन्यात शेजाऱ्यांच्या संमतीचा रकाना नसला तरी.