गोळी मिळते, पण पाय कोण तपासणार? मधुमेह, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि आपली वस्ती

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्याची शेवटची आठ-नऊ वर्षे मधुमेहाशी झुंजण्यात गेली. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असतानाच पायांतील मज्जातंतूंच्या वेदनांनी त्यांची झोप उडवली होती. पुढे दृष्टी अधू झाली, चालताना काठीचा आणि माणसांचा आधार लागू लागला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, तेव्हा शरीर किती थकले होते हे त्या काळच्या छायाचित्रांतही दिसते. अवघ्या सात आठवड्यांनी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दरवर्षी ६ डिसेंबरला आपण हे आठवतो. पण ज्या आजाराने बाबासाहेबांचे पाय आणि डोळे थकवले, तोच आजार आज आपल्या वस्त्यांत घरटी पोहोचला असताना, त्याची चर्चा मात्र आपण करत नाही.

आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना, म्हणजे सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. शहरांत हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आहे. आणखी साडेतेरा कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

याच पाहणीचा २०१७ साली आलेला एक निष्कर्ष आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. मधुमेह हा श्रीमंतांचा आजार, असे आपण अजूनही म्हणतो. पण तुलनेने सधन राज्यांच्या शहरी भागात हे चित्र उलटू लागले आहे. तिथे सुस्थितीतील कुटुंबांपेक्षा गरीब कुटुंबांत मधुमेहाचे प्रमाण जास्त आढळले, आणि या राज्यांत महाराष्ट्र आहे. मुंबई, पुणे, नागपूरच्या वस्त्यांत राहणाऱ्या सफाई कामगारांना, घरकाम करणाऱ्या बायकांना, सुरक्षारक्षकांना, रिक्षाचालकांना हे सांगायला संशोधकांची गरज नाही. रेशनचा तांदूळ-गहू, दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा, रात्रपाळी, वडापाववर काढलेली दुपार आणि कायमचा ताण, हे त्यांचे रोजचे जगणे आहे.

त्याहून बोचरा आकडा २०२२ साली आला. आपल्याला मधुमेह आहे हे माहीत असलेल्यांपैकी जेमतेम ३६ टक्के लोकांची साखर आटोक्यात होती. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही तिन्ही आटोक्यात असलेले रुग्ण तर आठ टक्केही नव्हते. म्हणजे आजार कळला, गोळी सुरू झाली, तरी बहुतेकांच्या शरीराची आतून होणारी झीज थांबलेली नाही.

झीज दुखत नाही, हीच अडचण

वाढलेली साखर वर्षानुवर्षे बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू पोखरते. डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव होतो, पण सुरुवातीला दिसण्यात काही फरक पडत नाही. मूत्रपिंडातून प्रथिने गळू लागतात, पण लघवीला त्रास होत नाही. पायाला आधी मुंग्या येतात, मग आग होते आणि मग संवेदनाच जाते. रुग्णाला वाटते, दुखणे थांबले, बरे झाले. खरा धोका तिथूनच सुरू होतो. चपलेतला खडा, बुटातला खिळा, नखाजवळची चीर त्याला कळतच नाही. जखम चिघळते, बोट काळे पडते आणि शेवटी पाय कापावा लागतो.

देशभरातील एका मोठ्या अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी साडेबारा टक्के, म्हणजे दर आठांपैकी एकाच्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम दिसला. चार टक्क्यांची दृष्टीच धोक्यात होती. हे वेळेत सापडले तर लेझर किंवा इंजेक्शनने नजर वाचवता येते. ‘दिसेनासे झाले’ म्हणून रुग्ण येतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

आरोग्य केंद्रात काय होते, काय राहून जाते?

न्याय्य बोलायचे तर सरकारने काहीच केले नाही असे नाही. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी करण्याचे धोरण आहे. आशाताई घरोघरी अर्ज भरून घेतात, उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी बोटाला टोचून साखर पाहतात, केंद्रातून गोळ्या मोफत मिळतात. २०२५ अखेरपर्यंत मधुमेह आणि उच्च रक्तदाबाच्या साडेसात कोटी रुग्णांना उपचाराखाली आणण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२३ साली जाहीर केले होते.

प्रश्न मोजमापाचा आहे. किती जणांची तपासणी झाली, किती जणांना गोळ्या सुरू झाल्या, हे मोजले जाते. किती जणांचे पाय मोजे काढून पाहिले, किती जणांच्या डोळ्यांचा पडदा तपासला, किती जणांच्या लघवीतील अल्ब्युमिन मोजले, हा आकडा कोणत्या फलकावर दिसतो? जे मोजले जात नाही ते कामाच्या गर्दीत मागे पडते. सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरलेले आहे. सकाळच्या ओपीडीत लांब रांग लागलेली असते. डॉक्टर साखरेचा आकडा पाहतात, गोळी लिहितात आणि पुढच्याला बोलावतात. यात त्या एका डॉक्टरांचा दोष काढून उपयोग नाही, दोष रचनेचा आहे.

खरे तर या तपासण्या महागड्या नाहीत. पायाची संवेदना पाहायला दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू आणि एक ट्यूनिंग फोर्क पुरतो. प्रशिक्षित परिचारिकेला त्यासाठी पाच मिनिटे लागतात. डोळ्याच्या पडद्याचा फोटो तंत्रज्ञ काढू शकतो आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञ पाहू शकतात. केंद्रातून रक्ताचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत नेण्याची व्यवस्था राज्यात आहेच.

पैशाचा उलटा हिशेब पाहा. किडनी निकामी झाल्यावर लागणारे डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते, आणि ते बसायलाच हवे. पण किडनी वाचवणारी वर्षातून एकदाची तपासणी आणि रोजची गोळी बाह्यरुग्ण सेवेत मोडते. ती विम्यात नाही आणि सरकारी केंद्रात गोळ्या संपल्या की खिशातून जाते. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला रोजंदारी कोण देणार? घरातला एक कमावता माणूस असा बसला की मुलीचे शिक्षण थांबते. आरोग्याचा प्रश्न इथे सामाजिक न्यायाचा प्रश्न होतो.

कामाच्या ठिकाणचे पाय

मधुमेही पायाची काळजी घ्यायला सांगणारी पत्रके म्हणतात, पाय कोरडे ठेवा, मऊ बूट घाला. गटारात उतरणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराच्या गमबुटात पाणी शिरलेले असते, आणि कित्येकदा तो बूटही मिळत नाही. ऊसतोडणीला गेलेली बाई सहा महिने फडात असते. तिच्या गावच्या केंद्रातील नोंद तिच्यासोबत कारखान्यावर जात नाही, म्हणून गोळ्या मध्येच तुटतात. योग्य मापाचे बूट, वर्षातून एकदा पाय-डोळे-लघवीची तपासणी आणि स्थलांतरात चालणारे उपचारकार्ड, या मागण्या कामगार संघटनांच्या निवेदनात का नसाव्यात?

आपण काय करू शकतो?

धम्माच्या दृष्टीने हा विषय परका नाही. कोसलराजा पसेनदी अतिखाण्याने धापा टाकत भगवंतांकडे आला, तेव्हा भगवंतांनी त्याला उपवास नव्हे, तर जेवणातील मात्रा शिकवली. राजाने हळूहळू अन्न कमी केले आणि त्याचे शरीर हलके झाले. आणि अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासोबत स्वतःच्या हाताने धुतले. आजाऱ्याची सेवा कोणी करायची, हा प्रश्न त्यांनी संघावर सोपवला.

वर्षावासाचे तीन महिने आपल्या विहारांत ग्रंथवाचनासाठी रोज माणसे जमतात. त्यातील एका रविवारी परिसरातील परिचारिका, आशाताई, डॉक्टर उपासक-उपासिकांना बोलावून सर्वांचे पाय तपासता येतील. ज्यांच्या पायांची संवेदना कमी आहे त्यांची यादी करून त्यांना आरोग्य केंद्रात पोहोचवता येईल.

बुद्ध पौर्णिमेच्या खीरदानात साखर निम्मी करता येईल आणि शेजारी साधे ताकही ठेवता येईल. वैशाखाच्या उन्हात विहाराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहणाऱ्या बधिर पायांना फोड येतात आणि ते कळतही नाहीत. म्हणून तिथे तागाची जाजमे अंथरावीत आणि मधुमेहींना स्वच्छ मोजे घालू द्यावेत. घरीही कुरूप ब्लेडने कापू नये, पाय गरम पाण्यात बुडवू नयेत आणि रोज रात्री तळवे आरशात पाहावेत किंवा मुलांकडून पाहून घ्यावेत.

मात्र विहाराने सरकारचे काम उचलावे असा याचा अर्थ नाही. गावच्या आणि वॉर्डाच्या केंद्रात रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत एक साधा प्रश्न लेखी विचारा: गेल्या वर्षी आपल्या केंद्रातील किती मधुमेहींचे पाय, डोळे आणि लघवी तपासली? उत्तर नसेल, तर पुढच्या वर्षापासून तो आकडा केंद्राच्या फलकावर लावण्याची मागणी करा. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हा मंत्र आरोग्यालाही लागू आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!