समास कोणी सोडायचा?

आपल्या जुन्या पोथ्या आडव्या. पाने सुटी, शिवण नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे समास सारखे असले तरी चाले. 1831 साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले. पुढे छापखान्यांतूनही पोथ्या बव्हंशी आडव्याच निघाल्या. ग्रंथ मात्र उभा आणि शिवलेला. लोधीपुऱ्यात संगणकावर प्रबंध छापून घेणारा विद्यार्थी हा भेद विसरतो. चारी बाजूंना सारखाच चिंचोळा समास, आणि बांधणीत ओळींची पहिली अक्षरे गडप! शिवणीकडे दीड इंच सोडावाच. आडव्या कोष्टकाचे डोके शिवणीकडे असावे. म्हणजे त्या पानावर रुंद समास डावा नव्हे, वरचा. मार्गदर्शक प्राध्यापकांनी मजकुराबरोबर समासही तपासावा, सारा भार दुकानदारावर टाकू नये.