एका अर्जात १०० नंबर पोर्ट होतात, मग घरातले आठ का नाही?

महाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याने मोबाईल कंपनी बदलायची ठरवली, तर कामगार-अधिकाऱ्यांचे ८० नंबर एका एक्सेल शीटमध्ये भरून एकाच अर्जाने पोर्ट करता येतात. तिथून जवळच असलेल्या सवमधल्या एखाद्या कुटुंबाला रेंज मिळत नाही म्हणून आठ नंबर बदलायचे असतील, तर मात्र आठ वेगळे अर्ज करावे लागतात. असं का?

उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नाही, नंबर कोणाच्या नावावर आहे यात आहे.

कंपनीचे नंबर कसे पोर्ट होतात?

कंपनीच्या नावावर घेतलेल्या नंबरांना 'कॉर्पोरेट' नंबर म्हणतात. त्यांची मालक कंपनी असते. त्यामुळे अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीचं एक पत्र पुरतं. पूर्वी अशा एका पत्रावर ५० नंबर चालायचे, आता ही मर्यादा १०० आहे. जुनी मोबाईल कंपनी पत्राची पडताळणी करते आणि पोर्टिंगला ५ कामकाजाचे दिवस लागतात.

सॉफ्टवेअर इथे फक्त यादी भरतं. पण यादीतली चूकही तेच पुढे नेतं. नंबरामागे ९१ लावला की तो १२ अंकी होतो आणि एक्सेल त्याला मोठी संख्या समजून छोट्या रूपात दाखवतं. फाईल तशीच सीएसव्ही म्हणून सेव्ह केली तर शेवटचे अंक गायब होऊ शकतात. म्हणून तो कॉलम आधी 'टेक्स्ट' करून घ्यावा आणि १० अंकीच नंबर लिहावा. ०२१४५ वाले लँडलाइन यादीत घालू नयेत. भारतात ही सोय फक्त मोबाईलला आहे.

घरातले नंबर एकत्र का नाही?

कारण प्रत्येक नंबराचा मालक वेगळा. प्रत्येकाने आपल्याच फोनवरून १९०० ला एसएमएस करायचा: इंग्रजी अक्षरांत पोर्ट, जागा सोडून आपला नंबर. मग ८ अक्षर-अंकांचा यूपीसी कोड येतो. आपल्याकडे तो ४ दिवस चालतो. बिल थकलेलं असेल, सध्याच्या कंपनीत ९० दिवस झाले नसतील किंवा नंबर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज चालू असेल, तर कोड मिळत नाही.

हा कोड म्हणजे नंबराची किल्ली. 'सगळ्या वाडीचे कोड द्या, मी एकदम टाकतो' असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. नंबर दुसऱ्याच्या हातातल्या सिमवर गेला, तर बँकेचे ओटीपीही तिकडेच जातात. म्हणूनच १ जुलै २०२४ पासून नवा नियम आहे: सिम बदलल्यावर ७ दिवस यूपीसी मिळत नाही. महाडकरांनी जुलै २०२१ चा पूर पाहिलाय. अशा वेळी फोन वाहून गेला आणि त्याच नंबरचं नवं सिम घेतलं, तर हे ७ दिवस धरून चाला.

मुंबईचा नंबर गावी आणायचा असेल तर?

मुंबई हे वेगळं टेलिकॉम सर्कल आहे. महाड-पोलादपूर महाराष्ट्र सर्कलमध्ये येतात. ३ जुलै २०१५ पासून नंबर न बदलता सर्कलही बदलता येतं. त्याला ५ कामकाजाचे दिवस लागतात, त्याच सर्कलमध्ये ३. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स मात्र सोबत येत नाही.

बाहेर काय चालतं?

अमेरिकेत एका लाइनचं साधं पोर्टिंग एका कामकाजाच्या दिवसात व्हावं असा नियम आहे. एकाहून जास्त लाइन असतील तर ते 'साधं' राहत नाही आणि जास्त दिवस लागतात. तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये एका अर्जात अनेक नंबर जोडता येतात, पण नंबर कोणाच्या नावावर आहे हे तिथेही तपासलं जातंच.

खरा फटका कोणाला बसू शकतो?

कंपनीच्या नावावरचं सिम वर्षानुवर्षं वापरणाऱ्या कामगाराला. त्याच नंबरला बँक, आधार, गॅस, मुलांची शाळा जोडलेली असते. पण तो नंबर कोणत्या कंपनीत न्यायचा हे त्याला विचारण्याची गरज नसते. नोकरी सुटली तर नंबरही सुटू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने घाऊक कनेक्शन बंद करून 'बिझनेस कनेक्शन' आणण्याची घोषणा केली. त्यात सिम प्रत्यक्ष वापरणाऱ्याचंही केवायसी होतं. त्यामुळे वापरणारा कोण हे कळतं, मालक मात्र कंपनीच राहते.

म्हणून एक काम आजच करा. सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर तुमच्या नावावर कोणते नंबर आहेत ते पाहा. रोज वापरता तो नंबर तिथे दिसत नसेल, तर तो दुसऱ्याच कोणाच्या नावावर असू शकतो. तसं असेल तर बँक आणि आधारला स्वतःच्या नावावरचा नंबर जोडून घ्या. कंपनीची पुढची यादी निघण्याआधी हे झालेलं बरं.