शाळा ९ ला भरली तर मुलांची चिडचिड कमी होते? झोपेवरचं संशोधन काय सांगतं

सकाळी साडेसहाची वेळ. पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरला पिवळ्या स्कूल बस, तेल डेपोंचे टँकर आणि आईच्या खांद्यावर पेंगणारी मुलं एकदमच दिसतात. चौथीपर्यंतच्या मुलांसाठी हे चित्र बदलावं म्हणून राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला होता.

पुढे वाद रंगला तो बसच्या फेऱ्यांचा, ट्रॅफिकचा आणि नोकरदार पालकांचा. मुलांच्या मनाचं काय, हे मागेच राहिलं.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांचा यावरचा एक साधा प्रयोग २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ७ ते ११ वर्षांची ३४ मुलं. पाच रात्री काहींना लवकर झोपवलं, काहींना उशिरा. पहिल्या गटाची झोप सरासरी २७ मिनिटं वाढली, दुसऱ्याची ५४ मिनिटं घटली. कोण किती झोपलंय हे शिक्षकांना माहीत नव्हतं. तरी त्यांच्या नोंदींत फरक उतरला. जास्त झोपलेली मुलं कमी चिडत होती, कमी चुळबुळ करत होती. कमी झोपलेल्यांचं उलट झालं. मुलं थोडीच होती, हे खरं. पण अर्ध्या तासाने वर्गात फरक दिसावा, ही गोष्ट छोटी नाही.

अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा २०२२ चा अभ्यास बराच मोठा, ९-१० वर्षांच्या ८,३०० हून जास्त मुलांचा. रात्री नऊ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये नैराश्य, चिंता आणि उतावळेपणा जास्त आढळला. दोन वर्षांनीही फरक टिकून होता. अर्थात, झोप कमी म्हणून चिंता की चिंतेमुळे झोप कमी, हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही.

मॅकगिलच्या प्रयोगात शाळेची वेळ बदलली नव्हती, झोपायची बदलली होती. शाळा ९ ला आणि घरातला टीव्ही, मोबाइल साडेअकरापर्यंत, तर हिशोब तिथेच येतो.

खरी गोम पाचवीपासून पुढे आहे. वयात येताना शरीराचं घड्याळच उशिराकडे सरकतं, झोप लवकर लागत नाही. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच शिफारस केली की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत. आपल्याकडे नियम आहे तो चौथीपर्यंतच. आणि इमारत एक, बस त्याच असतील, तर धाकटा ९ ला गेला की सातची वेळ थोरल्या ताईच्या वाट्याला येते. अडचण असलेल्या शाळांना शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने सवलत घेण्याची वाटही याच निर्णयात आहे. आपल्या शाळेने ती घेतली आहे का, हे पालकांना पुढच्या पालकसभेत विचारता येईल.