पेन्सिल सेलची महाग वीज

घरातला साधा जस्त-कार्बनचा पेन्सिल सेल हातात घ्या. तो १.५ व्होल्टचा असतो आणि साधारण ०.७ अँपिअर-तास पुरतो. म्हणजे त्यात जेमतेम १ वॅट-तास ऊर्जा! विजेचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. सेल १५ रुपयांना धरला, तर सेलमधले एक युनिट १५,००० रुपयांना पडते. तारेतून घरी येणारे युनिट मात्र २० रुपयांच्या आतच मिळते.

मग सेल वापरूच नयेत का? तसे नाही. भिंतीवरचे घड्याळ सरासरी ०.१ मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल, तर एक सेल त्याला नऊ-दहा महिने पुरतो. तिथे तोच योग्य. पण रोज वाजणारा रेडिओ ५० मिलिअँपिअर घेत असेल, तर तसेच सेल १४ तासांत संपतील. त्याला शेकडो वेळा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल हवेत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की आधी प्रवाह मोजा, मग सेल निवडा. शिक्षकांनी प्रयोगशाळेतला मिलिअँमीटर रेडिओच्या सेलशी एकसर जोडून हा हिशेब मुलांकडूनच करून घ्यावा. ओहमचा नियम पाठ करण्याइतकेच तेही महत्त्वाचे आहे.