राज्यशास्त्र घेऊ का?



अहमदपूरहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. दहावीला छान मार्क पडलेत. तिला आर्ट्सला जाऊन राज्यशास्त्र शिकायचंय. पण बाबा म्हणतात, "लोक मुलांना डॉक्टर करायला लांबलांबून लातूरला पाठवतात, आणि तू लातूरजवळ राहून आर्ट्स घेणार?" आई गप्प आहे. ती विचारते, "या विषयात नेमकं करायचं काय असतं? नुसतं पाठांतर?"

पाठांतर थोडं लागतंच, बरं का! पण तेवढ्यावर भागत नाही. हे बघा.

अमेरिकेत राज्य लहान असो की मोठं, सिनेटमध्ये प्रत्येकाच्या जागा दोनच. आपल्या राज्यसभेत मात्र महाराष्ट्राला १९ जागा आणि गोव्याला १. आकडे पाठ केले की झालं एका मार्काचं उत्तर. पण "यातली कोणती रीत बरी, आणि का?" असं सरांनी विचारलं तर? गाईडमधलं उत्तर तिथं पुरत नाही. गोव्याच्या माणसाच्या जागी बसून विचार करावा लागतो, मग महाराष्ट्राच्या. कॉलेजातल्या पहिल्या वर्षाची खरी अपेक्षा हीच असते. वाचा, दोन्ही बाजू समजून घ्या, मग आपलं मत कारणांसकट स्वतःच्या शब्दांत लिहा.

आता घराजवळचं उदाहरण. २० नोव्हेंबर २०२४ रोजी नांदेडकरांनी एकाच दिवशी दोन मतं दिली, एक विधानसभेसाठी आणि एक लोकसभेच्या पोटनिवडणुकीसाठी. निकाल काय लागला? त्या मतदारसंघातल्या विधानसभेच्या सहाही जागा एका आघाडीला मिळाल्या, आणि लोकसभेची जागा दुसऱ्या आघाडीला! तीही अवघ्या १,४५७ मतांनी. म्हणजे काही मतदारांनी एकाच रांगेत उभं राहून दोन वेगळी बटणं दाबली. अमेरिकेत याला 'स्प्लिट टिकट' म्हणतात, आणि तिथल्या कॉलेजांत त्यावर तास घेतले जातात. आपल्याकडे तर त्याचा धडा दारातच घडला.

मग कॉलेजात काम काय असतं? तासाला बसायचं. हजेरी लागते, हे विसरू नका. अंतर्गत परीक्षा असते, स्वाध्याय असतो, कधी सेमिनार. सेमिनार म्हणजे एखादा विषय तयार करून सगळ्यांसमोर मांडायचा आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. अनेक मुलं मित्राची वही उतरवून सुटका करून घेतात. मार्क मिळतातही. शिकणं मात्र मित्राचं होतं.

सेमिनार किरकोळ समजू नका. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये एका २५ वर्षांच्या मराठी विद्यार्थ्यानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वर्गातलाच निबंध तो! पुढच्याच वर्षी तो छापून आला आणि आजही जगभर वाचला जातो. विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. पुढं राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले ते हेच.

आणि आपला मराठवाडा? १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. तोवर तुमच्या पणजोबांवर राज्य निजामाचं होतं. तो लढा ज्यांनी चालवला, त्या स्वामी रामानंद तीर्थांचं नाव नांदेडच्या विद्यापीठाला आहे. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीची कॉलेजं त्यालाच जोडलेली. सत्ता कुणाची आणि कुणाच्या संमतीनं, हा प्रश्न आपल्या घरात तीन पिढ्यांपूर्वीच येऊन गेलाय.

आता अहमदपूरच्या मैत्रिणीच्या बाबांसाठी दोन शब्द. बाबा, तुमची काळजी खोटी नाही. राज्यशास्त्र घेतलं की नोकरी ठेवलेलीच, असं आम्ही म्हणणार नाही. पण पुढं कायदा आहे, पत्रकारिता आहे, शिक्षकी पेशा आहे. यूपीएससीत राज्यशास्त्र हा ऐच्छिक विषयही आहे. यातलं काहीही कष्टाशिवाय मिळत नाही. पण ते मेडिकललाही मिळत नाही, हे लातूरकरांना कुणी सांगायला नको!

आणि मैत्रिणी, तू एक कर. बाबांशी भांडू नकोस. आधी एक स्वाध्याय करून बघ. घरातल्या आणि शेजारच्या पाच मोठ्या माणसांना विचार, "मत द्यायचं कुणाला, हे तुम्ही कशावरून ठरवता?" मत कुणाला दिलं ते मात्र विचारायचं नाही, ते गुप्त असतं! उत्तरं वहीत लिही आणि त्याखाली तुला काय वाटलं, ते एका पानात. लिहिताना कंटाळा आला, तर पुन्हा विचार कर. जेवायची हाक ऐकू आली नाही, तर ते पान बाबांना वाचून दाखव.

बाकीच्यांनीही करून बघा हं! आणि काय उत्तरं मिळाली, ते आम्हाला जरूर कळवा.