साठीनंतरची पहिली मोटारसायकल

नोकरी, मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते यांत जी इच्छा तीस-पस्तीस वर्षे मागे राहिली, ती निवृत्तीनंतर पुन्हा डोके वर काढते. कुणाला पेटी शिकायची असते, तर कुणाला शेत घ्यायचे असते. अलीकडे माझ्या दवाखान्यात आणखी एक इच्छा वारंवार ऐकू येते, ती म्हणजे मोटारसायकल घेऊन कोकणच्या किनाऱ्याने हिंडण्याची. वडील हे हळूच सांगतात. दोन दिवसांनी मुलाचा किंवा सुनेचा दूरध्वनी येतो, “डॉक्टर, बाबांना तुम्हीच नाही म्हणा. तुमचे ते ऐकतील.”

केवळ वय पाहून मी नाही म्हणत नाही आणि केवळ उत्साह पाहून होही म्हणत नाही. हा प्रश्न जन्मतारखेचा नसून डोळे, कान, तोल, हाताची पकड आणि गोळ्यांची डबी यांचा आहे. वाचकहो, आपण स्वतः या वाटेवर असाल किंवा आपल्या घरी असे कुणी असेल, तर पुढील तपासणी शोरूमच्या पायरीवर जाण्याआधी करावी.

प्रथम डोळे. वाहन परवान्यासाठी चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराचे जे वैद्यकीय प्रमाणपत्र असते, त्या नमुना 1-अ मध्ये एक साधा प्रश्न आहे: स्वच्छ उजेडात 25 मीटरवरून मोटारीची नंबरपट्टी वाचता येते का? ही परीक्षा आपल्या गल्लीतही घेता येईल. मात्र दिवसा उत्तम दिसणाऱ्या माणसालाही मोतीबिंदूच्या आरंभी समोरच्या दिव्यांनी रात्री दिपल्यासारखे होते. काचबिंदूत तर समोरचे स्पष्ट दिसते, पण कडेचे हरवते आणि ते माणसाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून केवळ चष्म्याचा नंबर काढून थांबू नये. नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांचा दाब आणि आवश्यक तर दृष्टिक्षेत्रही तपासून घ्यावे.

दुसरी गोष्ट हालचालीची. खांदा न वळवता मान दोन्ही बाजूंना किती फिरते, हे आरशासमोर पाहावे. आधाराला भिंत जवळ ठेवून एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का, तेही पाहावे. वयानुसार प्रतिक्रियेला थोडा अधिक वेळ लागतो. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर सात मीटर रस्ता मागे पडलेला असतो. वेग कमी ठेवणे आणि पुढच्या वाहनापासून अंतर राखणे हाच यावर उपाय आहे.

तिसरी गोष्ट औषधांची आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी आणि झोपेच्या गोळीने सकाळीही गुंगी राहते. प्रोस्टेटच्या व रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठताना अंधारी येते. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांमुळे जेवण लांबले की साखर एकदम उतरते. घाम, थरथर आणि गोंधळ ही तिची लक्षणे हँडलवर हात असताना ओळखू येईपर्यंत उशीर होतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानी ठेवावे. डोक्याला किरकोळ वाटणारा मार लागला तरी रुग्णालयात जावे, कारण आतला रक्तस्राव कधी कधी कित्येक दिवसांनी जाणवतो. मात्र कोणतीही गोळी मनाने बंद करू नये. तिची वेळ किंवा प्रकार बदलता येतो का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

काही प्रसंगी मी स्पष्टपणे नाही म्हणतो. फिट्स येणे, कारण न कळता बेशुद्ध पडणे, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे, पूर्वसूचनेशिवाय साखर उतरणे, काचबिंदूने दृष्टिक्षेत्र आक्रसलेले असणे, यांपैकी एकही असेल तर दुचाकी चालवू नये. अशा वेळी तोच किनारा मुलाच्या मोटारीतून, खिडकीशी बसून पाहावा. समुद्र तोच असतो.

तपासणीत सारे ठीक निघाले, तर वाहनाची निवड. तरुणपणी मनात भरलेली भारदस्त गाडी आज पेलेलच असे नाही. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 चे वजन सुमारे 195 किलो आहे, तर हिरोच्या स्प्लेंडर प्लसचे सुमारे 112 किलो. दुकानात गाडीवर बसून दोन्ही पावले पूर्ण टेकतात का ते पाहावे. ती मागे ढकलून आणि मधल्या स्टँडवर चढवून पाहावी. धाप लागली किंवा कंबरेत कळ आली, तर ती गाडी आपली नव्हे. 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे. अचानक ब्रेक लावताना चाक जागीच अडकून घसरण्याचा धोका त्याने कमी होतो. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह असावे आणि हनुवटीखालचा पट्टा दर वेळी लावावा. मागे बसणाऱ्या पत्नीलाही हेल्मेट हवेच, आणि तिने एका बाजूला पाय सोडून बसू नये.

आजवर केवळ मोटार चालवली असेल, तर परवान्यात गिअरच्या मोटारसायकलीची भर घालावी लागते. शिकाऊ परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याच्या चाचणीसाठी किमान 30 दिवस थांबावे लागते. ते दिवस सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर सरावासाठी वापरावेत.

पहिला लांबचा प्रवास पावसाळा सरल्यावर करावा. दिवेआगरहून आरावी, शेखाडी करत श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला बिलगून जातो. तेथून हरिहरेश्वर आणि पुढे बागमांडला येथून गाडीसह फेरीबोटीने वेश्वीला उतरता येते. वाट सुंदर आहे, पण वळणांची आहे. तेथवर पोहोचण्यासाठी ताम्हिणीसारखा घाट उतरावा लागत असेल, तर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, न्यूट्रलमध्ये सोडू नये आणि चढत्या वाहनाला आधी वाट द्यावी. दिवसाला 80 ते 100 किलोमीटर पुरेत. दर तासाला उतरून चार पावले चालावे. वाटेत लघवीची सोय नाही म्हणून पाणी टाळण्याची सवय घातक आहे, कारण त्याने रक्तदाब उतरतो आणि डोके जड होते. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे. खिशात नाव, रक्तगट, औषधे आणि घरचा क्रमांक लिहिलेले कार्ड असावे. मधुमेह असेल तर साखरेची पुडीही ठेवावी. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक लक्षात असावा.

आता दोन शब्द मुलासुनांना. ‘या वयात कसली हौस?’ हे वाक्य ऐकल्यावर वडील गप्प बसतात किंवा न सांगता बाहेर पडतात. दुसरे अधिक धोक्याचे. त्यापेक्षा तपासणीला सोबत यावे, दुकानात सोबत जावे आणि पहिल्याच दिवशी सर्वांनी मिळून थांबण्याच्या खुणा कागदावर लिहाव्यात: दोनदा गाडी कलंडली, वळणावर अंदाज चुकू लागला, इतरांचे हॉर्न वारंवार ऐकू येऊ लागले किंवा डॉक्टरांनी नवे निदान सांगितले, तर किल्ली कपाटात. त्या कागदावर पहिली सही वडिलांची असावी. स्वतः मान्य केलेली मर्यादा माणूस पाळतो. इतरांनी लादलेली मर्यादा मात्र तो चुकवायला पाहतो.